येणाऱ्याचे मापटे

या स्वयंपाकघरात एक ओटा, दोन शेगड्या, अकरा डबे, सहा ताटे, एक खिडकी आणि एक मापटे आहे. सहांपैकी चार ताटे रोज वापरात असतात, दोन फळीवर पालथी असतात. खिडकीतून समोरच्या छपरांच्या वर एक पिवळी क्रेन दिसते. ते मापटे म्हणजे मी.

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्या जातीचे भांडे पाहिलेही नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. धान्य मोजून घेण्याच्या भांड्याला मापटे म्हणतात. कुठे ते मोठे असते, कुठे लहान. मी लहानांपैकी आहे, तळहातावर सहज उभा राहतो. मी पत्र्याचा आहे. मला एक कान आहे, तळाशी एक पोचा आहे, आणि कुणाचे बोट कापू नये म्हणून काठाला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली आहे.

मला एका पत्रेवाल्याने घडवले. त्याने तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, लाकडी ठोकळ्यावर वाकवला, शिवण झाळून घेतली आणि मला पाण्याने काठोकाठ भरून फरशीवर ठेवले. थोड्या वेळाने त्याने मला उचलून खाली हात फिरवला. फरशी कोरडी होती.

"गळत नाही," तो म्हणाला.

माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. तेव्हापासून आजपर्यंत माझ्यातून एक दाणाही गळलेला नाही.

मला विकत घेणारे आजोबा तेव्हा आजोबा नव्हते. ते तरुण हमाल होते. आता खिडकीतून क्रेन दिसते ना, त्याच कारखान्याच्या आवारात ते पोती वाहायचे. तेव्हा तिथे क्रेन नव्हती. आजोबा आणि त्यांच्यासारख्या तीसेक जणांच्या पाठी होत्या. आजी तेव्हा नवी नवरी होती. मला हातात घेऊन तिने पहिल्याच दिवशी नियम करून टाकला : माणशी एक मापटे तांदूळ, आणि तेही शिगोशीग.

शीग म्हणजे काय ते सांगतो. भांडे काठापर्यंत भरले की ते सपाट होते. त्यावर आणखी धान्य ओतत राहिले की वर एक छोटा डोंगर उभा राहतो. ती शीग. आजी माझ्यावर अशी शीग उभी करायची की आणखी एक दाणा टाकला तर सगळा डोंगर घसरावा. आजोबा संध्याकाळी दमून यायचे, जेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोती उचलायचे. रात्री पोटात गेलेला भात दुसऱ्या दुपारपर्यंत त्यांच्या पाठीवरून मालगाडीत चढलेला असायचा. हिशेब अगदी चोख होता.

दुसरा नियम नंतर झाला. एके दिवशी आजोबांचा एक सोबती न सांगता दारात आला. जेवणे नुकतीच उरकली होती आणि पातेले रिकामे होते. तांदळाचा डबाही त्या दिवशी तळाला गेला होता. तो बिचारा तांब्याभर पाणी प्यायला, "अहो वहिनी, मी जेवूनच आलोय," असे हसत खोटे बोलला आणि गेला.

आजी आजही ती गोष्ट सांगते आणि शेवटी म्हणते, "पाणी तो प्याला, पण अडकलंय ते माझ्या घशात."

त्या दिवसापासून ती घरातल्या माणसांचे तांदूळ मोजून झाले की मला आणखी एकदा डब्यात बुडवायची, शीग लावायची आणि पातेल्यात ओतताना म्हणायची, "हे येणाऱ्याचं."

येणारा कधी यायचा, बहुतेकदा यायचा नाही. पण त्याचा भात रोज शिजायचा.

वर्षे गेली. आवारात क्रेन आली आणि तीस पाठी मोकळ्या झाल्या. आजोबा म्हातारे होऊन गेले. त्यांचा मुलगा शिंपी झाला. ते या घरातले बाबा. आणि बाबांशी लग्न करून आलेली सून काय झाली? ती त्याच क्रेनची चालक झाली! शिडी चढून वरच्या काचेच्या खोलीत बसायची आणि खालच्या लोखंडी तुळया अशा अलगद उचलायची की जणू झोपलेले मूल एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर ठेवते आहे. आवारात तिला सगळे 'घार' म्हणत. खाली उभे राहून शिट्टी वाजवत तिला खुणा करणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे 'शिट्टीमामा' म्हणत. वर घारीचे डोळे, खाली मामांची शिट्टी. त्या दोघांच्या हातून कधी कशाला ओरखडा आला नव्हता.

आजीला सुनेचा केवढा अभिमान! खिडकीत उभी राहून ती शेजारणीला म्हणायची, "तिच्या सासऱ्याने जन्मभरात उचललं नसेल तेवढं माझी सून दुपारपर्यंत उचलते."

ते खरेच होते. पण मित्रांनो, एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. वजन आता क्रेन उचलत होती. घार बसून होती. बाबा शिवणयंत्रावर बसून होते. त्यांची मुलगी, म्हणजे ताई, प्रयोगशाळेत बसून शिकत होती. आजी खिडकीत बसून होती. चार माणसे, चारही बसणारी, आणि माझी शीग मात्र हमालाचीच. आवारात सगळे बदलले, पण शिगेला कुणी विचारलेच नाही.

एका दुपारी क्रेन मध्येच थांबली. मी खिडकीतून पाहत होतो. तुळई हळूच खाली टेकली आणि नंतर बराच वेळ काही हलले नाही. घरी नंतर कळले ते असे : घार शिडीवरून खाली उतरली होती आणि शिट्टीमामांना म्हणाली होती, "मामा, मला आत्ता दोन हूक दिसले. एक खरा कुठला ते कळेना. मी नाही चालवणार आज."

कारखान्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासले. मागच्या तीन महिन्यांत रक्तात किती साखर होती, ते एका आकड्यात सांगणारी ही तपासणी असते. आकडा आला नऊ पूर्णांक एक. मधुमेह.

"सातच्या खाली आणा," डॉक्टर म्हणाले. "आणि नजर स्वच्छ होऊ दे. तोपर्यंत वर चढायचं नाही. खाली माणसं असतात, तुम्हाला वेगळं सांगायला नको."

घारीला गेटवर बसवले. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना आत सोडायचे, एवढेच काम. घरी येऊन तिने डबा ओट्यावर ठेवला आणि खिडकीकडे पाठ करून उभी राहिली. तिने खिडकीकडे पाठ केलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती.

"गोड खाल्लंस ना!" आजी म्हणाली. "चहात दोन-दोन चमचे! सांगून सांगून जीभ झिजली माझी."

"सासूबाई, दुसरा चमचा तुम्हीच घालायचात."

"बरं, आता पहिलाही घालणार नाही."

साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर गेला. बाबांनी मिठाईवाल्याच्या रस्त्याने यायचे सोडले. घार डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर घ्यायची, संध्याकाळी चालायला जायची. घर नुसते कंबर कसून कामाला लागले. मी मात्र तांदळाच्या डब्यापाशी होतो तिथेच होतो. पाच वेळा बुडायचो, पाच शिगा उभ्या करायचो, आणि शेवटची येणाऱ्याची. भात काही गोड नसतो, मग माझ्यावर कोण संशय घेणार?

क्रेनवर नवा चालक आला होता. आजी खिडकीतून पाहायची आणि तिचा जीव वरखाली व्हायचा. "बघ, बघ कशी झोके खातेय ती तुळई! हा क्रेन चालवतोय की पाळणा?"

"आई, तो नवीन आहे हो, शिकेल," बाबा म्हणायचे.

"तो शिकला म्हणजे माझी सून गेटवरच राहिली ना!"

तेच तर भय होते. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. आकडा आला आठ पूर्णांक चार. नजर स्वच्छ झाली होती, पण आकडा सातच्या खाली आला नव्हता. डॉक्टर बुचकळ्यात पडले. त्यांनी घारीला सगळे खाणे विचारले होते, ते तिने घरी येऊन जसेच्या तसे सांगितले. दुपारी काय, रात्री काय, चहा कसा. आणि सकाळी?

"सकाळी काही नाही, म्हटलं," घार सांगत होती. "खरंच आहे ना ते? मी सकाळी कुठे काय खाते?" मग तिने बाहीची गुंडी उगाच लावली, सोडली आणि पुढचे सांगितले. "पुढच्या तपासणीला सातच्या खाली आली नाही, तर क्रेन कायमची त्या मुलाला देणार आहेत. साहेबांनी सांगितलंय."

ताटे वाढली गेली.

जेवता जेवता ताईने एकदम विचारले, "आजी, आज किती मापटी घातलीस?"

"पाच. रोजचीच."

"आणि आपण किती जण?"

"मोजता येतं ना तुला? एवढी शिकतेस ती."

"चार. म्हणजे चौघांनी खाल्लं आणि पाच जणांचं शिजलं. पाचवा कोण?"

"येणारा," आजी आणि बाबा एकदमच म्हणाले.

"तो आला का?"

"नाही आला."

"काल आला होता?"

"गेल्या महिन्यात तुझी आत्या आली होती," बाबा म्हणाले.

"मग रोज त्याचा भात जातो कुठे? सकाळी पातेलं तर घासून पालथं असतं."

"चिमण्यांना घालते तुझी आई," आजी म्हणाली.

"एवढा? आजी, त्या चिमण्या उडू शकणार नाहीत."

"मांजर असेल," बाबा म्हणाले. त्यांना वाटले आपण मदत करतो आहोत.

"आपल्याकडे मांजर नाही, बाबा."

मग सगळे घारीकडे बघू लागले. घार ताटातल्या भाताचे बारीक बारीक ढीग करत होती.

"अगं, टाकायचं कसं?" ती शेवटी म्हणाली. "अन्न आहे ते. सकाळी मी निघायच्या आधी ओट्यापाशी उभ्या उभ्या संपवते. पातेलं मोकळं करायचं असतं ना."

"आई! तू डॉक्टरांना सांगितलंस, सकाळी काही खात नाही."

"खात नाहीच! कालचं संपवते फक्त."

मित्रांनो, मला हे सगळे ठाऊक होते. रोज सकाळी ती पातेल्यातूनच चमच्याने खायची, एक डोळा घड्याळावर ठेवून. ताट नाही, पाट नाही, बसणे नाही, मग ते जेवण कसले? या घरात खाणे म्हणजे ताट वाढून खाणे. बाकीचे नुसते आवरणे. इतकी वर्षे येणाऱ्याचा भात घार आवरत होती.

दुसऱ्या दिवशी ताईने प्रयोगशाळेतून एक जुना वजनकाटा मागून आणला. तिने मला काठापर्यंत भरले, सुरीच्या पाठीने सपाट केले आणि तांदूळ तोलले. शंभर ग्रॅम. मग आजीला म्हणाली, "आता तू भर, तुझ्या हाताने." आजीने बाह्या सरसावून शीग उभी केली. एकशे चाळीस ग्रॅम.

"म्हणजे पाच म्हणतेस ती सात मापटी होतात," ताई म्हणाली. "आणि आईच्या पोटात एकटीच्या जवळजवळ तीन."

"हो, पण भातच ना!" आजी म्हणाली. "साखर थोडीच आहे? जन्मभर खातेय मी भात. भात कधी गोड लागलाय का?"

"लागतो. तू गिळायची घाई करतेस."

"माझ्या दोन दाढा उरल्यात. घाई करून सांगणार कुणाला?"

ताईने एका बशीत एक घास नुसता भात दिला. मीठ नाही, काही नाही. "हा तोंडात ठेव. चावत राहा. मी सांगेपर्यंत गिळायचा नाही."

आजी चावू लागली. बाबा शिवणाचा कपडा हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले. घारही आली. आजीच्या त्या दोन दाढा, एक डावी आणि एक उजवी, जमेल तसे काम करत होत्या. मध्येच तिने हातानेच विचारले, गिळू का? ताईने मान हलवली. आणखी थोडा वेळ गेला. मग आजीच्या भुवया हळूहळू वर गेल्या.

"अगोबाई!" ती घास गालात धरूनच म्हणाली. "गोड लागतंय की गं!"

"मला बघू," म्हणून बाबांनीही घास घेतला. मग घारीने. स्वयंपाकघरात चौघे जण नुसता भात चावत एकमेकांकडे बघत होते. या ओट्यापाशी इतकी शांतता मी तरी कधी अनुभवली नव्हती.

ताईने मग समजावून सांगितले. तांदळाच्या दाण्याचा बराचसा भाग म्हणजे साखरेच्या मण्यांची लांबच लांब माळ. आख्खी माळ गोड लागत नाही. तोंडातल्या लाळेने ती तुटायला लागते, लहान लहान तुकडे होतात आणि गोडी कळते. पोटात गेल्यावर उरलेली माळ पार मणी मणी होऊन रक्तात उतरते. दाण्यावरचा कोंडा शाबूत असला तर ती जरा सावकाश तुटते. पांढरा शुभ्र केलेला दाणा झटकन तुटतो. गव्हाच्या पांढऱ्या पिठाचेही तसेच.

"आजोबांच्या अंगात ते मणी आले की पाठ आणि पाय लगेच वापरून टाकायचे," ती म्हणाली. "आई बसलेली असते. मणी वापरणार कोण? ते रक्तात फिरत राहतात. रोज जास्त आले की शरीर हळूहळू ते आवरायला कमी पडतं. आई, सगळ्यांचं असंच होतं असं नाही. पण ताटात पांढरा भात जितका जास्त आणि अंगाला काम जितकं कमी, तितका धोका वाढतो."

आजीने तांदळाच्या डब्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे मी साखरेचा डबा वर ठेवला, आणि साखर या डब्यात होती."

त्या दिवसापासून तांदूळ काट्यावर तोलले जाऊ लागले. चार माणसांचे, तेही बेताचे, निम्मे कोंड्यासकटचे. ताटाचा उरलेला भाग भाज्यांनी आणि कडधान्यांनी भरला. ताईने डॉक्टरांना सगळे कळवले आणि त्यांनाही ते पटले. गोळ्या चालूच राहिल्या, चालणेही. पहिल्या संध्याकाळी बाबांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "हा भात चावावा लागतोय."

"मग?" आजी म्हणाली. "मी दोन दाढांवर चावते, तुला सगळे दात देऊन ठेवलेत ते कशाला? दोरा तोडायला?"

सगळे ठीक चालले होते. माझे मात्र ठीक नव्हते. मला धुऊन, पुसून फळीवर त्या दोन ताटांशेजारी पालथे घातले होते. काट्याने माझे काम घेतले होते. पालथ्या भांड्याच्या तोंडासमोर असते ते फक्त फळीचे लाकूड. मी कुणाला दोष देत नव्हतो, पण ज्याचे सगळे आयुष्य भरण्यात आणि रिकामे होण्यात गेले, त्याला नुसते रिकामे राहणे जमत नाही.

आजीलाही चैन नव्हते. एका संध्याकाळी जेवणे उरकत आली असताना दारावर थाप पडली. आजीचा हात जागच्या जागी थांबला. तिने आधी दाराकडे पाहिले नाही. तिने पातेल्यात पाहिले. पातेले रिकामे होते.

दारात पार्सल पोचवणारा एक मुलगा होता. शेजारच्या घराचा पत्ता विचारून निघून गेला. पण आजी पातेल्यापाशीच उभी राहिली.

"तो जेवायला आला नव्हता, सासूबाई," घार म्हणाली.

"आला असता तर?"

घार हळूच म्हणाली, "घाला मग येणाऱ्याचं. मी नाही संपवणार. चिमण्यांनाच घालू."

"नको," आजी म्हणाली. "तू पातेल्याकडे कशी बघतेस ते मी बघितलंय. तुझ्याच्याने टाकवणार नाही."

आणि ते खरे होते.

दुसऱ्या संध्याकाळी फळीवरून कुणीतरी मला उचलले. आजीचा हात होता. तिने मला तांदळाच्या डब्यात बुडवले, शीग उभी केली, क्षणभर विचार केला, आणि स्वतःच्या तळहाताने ती सपाट केली. मग मला पातेल्यात न ओतता तसेच, भरलेले, शेगडीशेजारी ओट्यावर ठेवले.

"हे येणाऱ्याचं," ती म्हणाली. "कोरडंच राहील. आला तर शिजवू, नाही आला तर परत डब्यात. शिजलेलं उरतं म्हणून कुणाला तरी संपवावं लागतं. कोरड्याला कोण संपवतंय?"

ताईने आजीकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि टाळ्याच वाजवल्या. "आजी! मी कालपासून हाच विचार करत होते!"

"मी चाळीस वर्षं करतेय," आजी म्हणाली.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्याइतके मानाचे भांडे या घरात दुसरे नाही. रोज संध्याकाळी मी भरलेला, सपाट, ओट्याच्या मधोमध उभा राहतो. थाप पडली की सगळे आधी माझ्याकडे पाहतात आणि मग निर्धास्तपणे दार उघडतात. सकाळी घार उठते तेव्हा पातेल्यात काहीच नसते. पहिले काही दिवस ती सवयीने चमचा हातात घेऊन ओट्यापाशी यायची, आत बघायची आणि स्वतःशीच हसून चमचा ठेवून द्यायची. मग बसून, ताट वाढून, ताईने आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेले खायची. पुढे पुढे ती येताना चमचा आणीनाशी झाली.

अशी आणखी एक तिमाही सरली. तपासणीचे रक्त देऊन झाले होते आणि त्या सकाळी आकडा कळणार होता. घार न्याहारी करून गेली. बाबांचे यंत्र त्या दिवशी सारखे थांबत होते. एक बाही त्यांनी उलटी शिवली आणि उसवली. ताई प्रयोगशाळेत गेलीच नाही. आजी खिडकीत बसून होती आणि तिच्या शेजारी, तिनेच आणून ठेवलेला, मी.

क्रेन उभी होती. मग हलली. तुळई वर आली आणि नेहमीसारखी झोके खाऊ लागली.

"तोच आहे," आजी म्हणाली. "पाळणेवाला."

तुळई कशीबशी खाली टेकली. क्रेन थांबली. पुष्कळ वेळ थांबली. बाबा येऊन मागे उभे राहिले. छपरांवर ऊन आले.

मग दूरवरून शिट्टी ऐकू आली. एक लांब, दोन आखूड.

क्रेनचा हात वळला. हूक खाली गेला, दिसेनासा झाला. आणि एक तुळई छपरांच्या वर आली. ती सगळ्यात लांब होती. ती वर आली, थांबली, वळली, आणि मित्रांनो, ती हललीसुद्धा नाही! वाऱ्यातही नाही. जणू कुणी आकाशात पट्टीने रेघ ओढली.

आजी खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली.

"हात तिचा आहे," ती म्हणाली. "अरे, हात तिचा आहे! बघतोस काय, तुझी बायको आहे ती वर!"

बाबा चष्मा पुसू लागले, आणि तो पुसून होईना. ताई ओट्याला धरून नुसती उड्या मारत होती. खिडकीच्या कट्ट्यावर मी खणखण वाजत होतो. क्रेनने तुळई गाडीत ठेवली. इतक्या दूरवरूनही मला माहीत होते की ती ठेवल्याचा आवाज झाला नसणार.

आकडा होता सहा पूर्णांक सहा.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एक मागणे आहे. धान्याला वाईट म्हणू नका. त्याने तुमच्या आजोबा-पणजोबांच्या पाठी उभ्या ठेवल्या. पण घरातले माप एकदा हातात घेऊन बघा. ते कुणासाठी ठरवले होते? तो माणूस काय काम करायचा? तुम्ही काय काम करता? आणि आणखी एक. घरातले उरलेले रोज कोण संपवते, तेही बघा. बहुतेक ती तुम्हाला सांगेल, 'मी काही खाल्लं नाही'. तिच्याकडे नीट लक्ष द्या. मापट्याला शीग न लावता, सपाट करून भरले तरी तो मापट्याचा अपमान होत नाही. हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो.

आता त्या संध्याकाळचे तेवढे सांगतो आणि थांबतो.

दिवे लागायच्या वेळेला दारावर थाप पडली. घार पुढे आणि मागे शिट्टीमामा. मामांनी आवाराबाहेर कधी शिट्टी वाजवली नव्हती, पण त्या दिवशी दारातच वाजवली.

"मामा, बसा," घार म्हणाली. "जेवूनच जा."

"छे छे," मामा म्हणाले. "मी जेवूनच आलोय."

आजीने त्यांच्याकडे रोखून पाहिले. "खोटं बोलू नका. आवारातून सरळ इकडे आलात ते. हात धुवा."

तिने मला उचलले. मी भरलेला होतो, सपाट. तिने मला दोन्ही हातांनी पातेल्यावर तिरपे केले. माझे दाणे चौघांच्या दाण्यांत मिसळले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी शेगडीपाशी रिकामा झालो. फळीवरचे एक पालथे ताट सुलटे झाले. पाच ताटे मांडली गेली.

मामांनी पोटभर खाल्ले आणि जेवताना नव्या चालकाची नक्कल करून दाखवली. घार म्हणाली, "हसू नका, उद्यापासून मीच शिकवणार आहे त्याला." बाबांनी कोंड्यासकटचा भात मागून घेतला आणि आपण मागून घेतला हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून पाणी मागितले.

जेवणे झाल्यावर ताईने पातेले काट्यावर ठेवले. रिकाम्या, घासलेल्या पातेल्याचे वजन तिने पूर्वीच करून ठेवले होते : बाराशे चाळीस ग्रॅम.

काट्यावर आता बाराशे त्रेचाळीस होते. सकाळी कुणी संपवावे असे काही उरले नव्हते.